दीड बोट उंच

"जरीना, मागची उजवी बाजू दीड बोट वर आहे ना?"

शकीलने हे इतक्या हळू विचारलं, की शर्यतीच्या जीपमध्ये बसून हेल्मेट चढवणाऱ्या प्रेमराजलाही ऐकू गेलं नाही. जरीनाची नजर हत्याराच्या पेटीकडे गेली.

धुळ्याला पारोळा रोडवर गाड्यांच्या स्प्रिंगचे पाटे बसवायच्या दुकानात दोघा नवराबायकोनी मिळून चाळीस वर्षं काढली होती. भट्टीतून लालभडक पाटा निघाला की ती सांडशी धरी आणि तो घण घाली. एवढ्या वर्षांत गाडीची उंची त्याने कुणाला विचारली नव्हती. एक डोळा मिटून लांबून बघितलं की झालं. जुने एसटी ड्रायव्हर म्हणत, शकीलभाईचा डोळा म्हणजे पाणसळ.

त्या डोळ्यात गेल्या वर्षी मोतीबिंदू उतरला. त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. दोन महिन्यांपूर्वी केळीचा एक ट्रक दुकानातून तिरपा बाहेर पडला, तेव्हा समोरच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "म्हातारा आटोपला आता." ते वाक्य काट्यासारखं तिच्या मनात रुतून बसलं होतं.

म्हणूनच आज पहाटे तो नमाजला गेल्यावर अंगणातली प्रेमराजची जीप मागून एका बाजूला उंच दिसली, तेव्हा तिने मुलाला, आवेजला उठवलं. एवढ्या लोकांसमोर अब्बांचं हसं व्हायला नको, म्हणाली. मायलेकांनी उजवीकडचा जास्तीचा अर्धा पाटा काढला आणि हत्याराच्या पेटीत तळाशी ठेवला. जीप सपाट उभी राहिली.

"का विचारता?" तिने कसंबसं म्हटलं.

"सुटताना इंजिनाचा पीळ उजवं चाक उचलतो. चाक जागीच घसरतं आणि गाडी उजवीकडे फेकली जाते. मागच्या खेपेला दोरीपर्यंत गेली होती, विसरलीस? म्हणून मुद्दाम वाकडी उभी केलीय. उभी वाकडी, सुटली की सरळ."

जरीनाने उजवीकडे पाहिलं. पारोळ्याजवळच्या जुन्या, बंद रस्त्याच्या कडेला दोरी बांधली होती. दोरीमागे प्रेमराजची आई भिकुबाई दोंडाईच्याच्या बायका घेऊन शेंगा सोलत बसली होती. झेंडेवाला रस्त्यात येऊन उभा राहिला. प्रेमराजने इंजिन गुरगुरवलं.

काहीतरी खोटं सांगावं का? चक्कर आली म्हणावं? पण शर्यत थांबली तरी पाटा पेटीतच राहणार होता. जरीना दोन्ही हात वर करून जीपसमोर उभी राहिली.

"चाची, बाजू व्हय! मरशी का?" प्रेमराज ओरडला.

"बंद कर आधी."

"काय व्हयनं?"

"चाचांनी बसवलेला पाटा मी काढलाय. सकाळी. मला वाटलं, त्यांचं चुकलं."

इंजिन बंद पडलं. दोरीमागून एक पोरगा हसला, "मग चाचाले दिसनं नही का?"

 शकील खाली मान घालून उभा होता. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग तो म्हणाला, "पेटी आण."

आयोजकांनी त्यांचा नंबर शेवटी टाकला. अर्धा तास होता. शकील गाडीखाली आडवा झाला आणि त्याने डोळे मिटूनच घेतले. बोटं पाट्यावरून फिरत गेली, भोक सापडलं, बोल्ट बसला. तो मागायच्या आत जरीना हातात पाना देत होती.

"मला विचारायचं होतंस," खालून आवाज आला.

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

शकीलने नट आवळायला घेतले. प्रेमराज बाजूला उकिडवा बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होता. जीप पुन्हा लंगडी उभी राहिली, तेव्हा तो म्हणाला, "चाचा, हाई वाकडी गाडी लिसन मी सरळ जासु का?"

"तू फक्त पाय दाब," शकील म्हणाला.

झेंडा खाली आला. डांबराला थरकाप सुटला, जीपची मागची बाजू दबली आणि धूर उसळला.  शकील जरीनाजवळ उभा होता, पण त्याचं तोंड जीपकडे नव्हतं. कान होता.

"धूर?"

"दोन्ही चाकांना. सारखाच."

"सरळ?"

तिने लांबच्या निंबांपर्यंत नजर ताणली. जीप काडेपेटीएवढी झाली होती. दोरी जागची हलली नव्हती. भिकुबाईच्या ओंजळीत शेंगा तशाच होत्या.

"सरळ."

त्याने मान हलवली. भोंग्यावरून प्रेमराजचा दुसरा नंबर आल्याचं पुकारलं गेलं, ते त्याने ऐकलंही नसेल. खिशातलं फडकं काढून त्याने पाना दोन्ही अंगांनी नीट पुसला आणि तिच्यापुढे धरला.

हात थोडा बाजूला गेला होता, दीड बोट असेल. जरीना तेवढी सरकली आणि तिने पाना घेतला.