टीनचं शेवटचं शून्य

पाट्यांच्या फटीतून जिनीव्हाने मैदानात डोकावलं आणि पुन्हा नख कुरतडायला घेतलं. बेसबॉलच्या सामन्याची नववी, म्हणजे शेवटची इनिंग. घरचा संघ हेरन्स एका रनने मागे. दोन जण बाद, तिसरा झाला की खेळ खलास. पण तिसऱ्या बेसवर त्यांचा ड्यूई उभा होता. तिथून होम बेस गाठला की रन, म्हणजे बरोबरी; आणि ते ड्यूईला काय, अंगणातून ओसरीत यावं इतकं सोपं!

"नखं खा आता, जेवणाचे पैसे वाचतील," रॉस्को म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो, म्हातारबुवा!"

एकोणीस वर्षं ही दोघं या स्कोअरबोर्डाच्या पोटात बसून टीनच्या पाट्या लटकवत होती. पुढच्या वर्षी इथे विजेचा पडदा येणार होता. मात्र आज हेरन्स जिंकले आणि तिकडे दुसऱ्या मैदानावर त्यांचे प्रतिस्पर्धी मिलर्स हरले, तर हेरन्स प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या फेरीत! मग या पाट्यांना आणखी दोन सामने तरी मिळाले असते. जिनीव्हाला फक्त तेवढंच हवं होतं.

खिळ्याला टांगलेला रेडिओ एकदम किंचाळला. मिलर्स हरले! सहा-दोन!

जिनीव्हाने झडप घालून मिलर्सच्या निकालाची पाटी उचलली.

"थांब!" रॉस्कोने बोट वर केलं. "चेंडू पिचरच्या हातात परत येईपर्यंत पाटी हलायची नाही. लोक बोंबलतात, पोरं बिचकतात. किती वेळा सांगायचं?"

"माहितीये हो!"

पिचरने चेंडू फेकला. फलंदाजाने बॅट फिरवली, पण लागली हवेलाच. चेंडू फलंदाजामागे, होम बेसवर बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात धप्पकन बसला. झालं की! जिनीव्हाचा हात तिच्याही आधी धावला आणि पाटी मिलर्सच्या रकान्यात खटकन बसली.

अख्खं मैदान उसळलं. तीस हजार माणसं एका घशाने ओरडली.

चार पावलं पुढे सरकलेला ड्यूई होमकडे पाठ करून तिसऱ्या बेसवर परतत होता. ती गर्जना कानावर पडताच त्याला वाटलं, कॅचरच्या हातून चेंडू सुटला! तो गर्रकन वळला आणि मान खाली घालून सुसाट सुटला.

"नको!" जिनीव्हा पत्र्यावर मुठी आपटत ओरडली. "अरे, नको ना!"

कॅचर चेंडू हातात घेऊन नुसता उभा होता. ड्यूईने मान वर केली तेव्हा दोघांत तीन पावलं उरली होती. कॅचरने पाहुण्याच्या पाठीवर थाप मारावी तसा चेंडू त्याच्या छातीला टेकवला.

बाद. सामना संपला. मोसमही.

मैदानात इतकी शांतता पसरली, की खिळ्यावर हलणाऱ्या रेडिओची कुरकुर ऐकू यायला लागली. ड्यूई मातीत गुडघ्यांवर बसला आणि मान उचलून बोर्डाकडे बघत राहिला. ओरडा कशासाठी होता, ते त्याला आत्ता कळत होतं.

"तो मलाच बघतोय," जिनीव्हा कुजबुजली.

"पाटीला बघतोय. तू कुठे दिसतेस त्याला?" रॉस्कोने फळीवरून शून्याची पाटी काढली. "लोकांना सांगेन, माझा हात घसरला. म्हाताऱ्याचा हात घसरतोच."

"द्या इकडे."

"अगं पोरी..."

"द्या म्हणते ना. हात माझा होता."

तिने हेरन्सच्या नवव्या इनिंगच्या चौकटीत शून्य लटकवलं.

रॉस्कोने फटीतून तिरका डोळा लावला. "डावीकडे कललंय."

"आता कोण बघणारे?"

"तो बघतोय की."

जिनीव्हाने नाक पुसलं, हात बाहेर काढला आणि शून्य सरळ केलं.