आतल्या बाजूची कडी

सन दोन हजार तेवीस, महिना ऑक्टोबर, ऋतू शरद. ठाण्यात टेंभी नाक्यावर देवीचा मांडव उभा राहत होता आणि नौपाड्यातील एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत भिवा सुतार मला दाराला बसवत होता. माझ्या आयुष्याचा सांगण्याजोगा भाग त्या दिवशी सुरू झाला.

मी कडी. पितळेची, भरीव, वितीएवढी आणि दाराच्या आतल्या बाजूची. हा शेवटचा तपशील कृपया गाळू नये. बाहेरची कडी घर राखते. आतली कडी माणूस राखते. आणखी एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. ‘त्यावर कडी म्हणजे’ असे म्हणत लोक वाटेल त्या आगाऊपणाला माझे नाव जोडतात. मी आजवर कोणावरही कडी केलेली नाही. मी लागते आणि निघते, आणि ही दोन्ही कामे चोख करते.

ओतकाम करणाऱ्या एका कारागिराच्या भट्टीत माझा जन्म झाला. माझ्याबरोबरच माझा कोयंडाही घडला. त्याची जागा चौकटीवर, माझी दारावर. तो अबोल आहे, पण जागा सोडत नाही. एवढ्या गुणावर आमचा संसार सुरळीत चालला आहे.

आमची पहिली कित्येक वर्षे नौपाड्यातच एका दुमजली इमारतीत गेली. तिथे मला मनुष्यस्वभावाचे शिक्षण मिळाले. घरातल्या पुरुषाने दिवसा कडी लावली, तर लोक म्हणत, ‘काम चालू आहे.’ मुलाने लावली, तर ‘अभ्यास चालू आहे.’ सुनेने लावली, की सगळे घर दाराशी गोळा होई आणि कुजबुज सुरू होई, ‘काय झालं तिला?’ रुसली असेल, रडत असेल, माहेरी फोन करत असेल. ती नुसती बसली असेल, असे कोणाच्याही मनात येत नसे. कडी तीच, कोयंडा तोच. अर्थ मात्र लावणाऱ्या हाताप्रमाणे बदले. हे मला तेव्हाही पटत नव्हते.

पुढे ती इमारत पुनर्विकासासाठी पाडली गेली. दारे मोडीत निघाली. भिवाने आम्हा दोघांना काढून आपल्या पेटीत ठेवले. आणि डॉक्टर माया यांनी त्याला ‘आतून लागणारी, भक्कम, न अडकणारी कडी’ मागितली, तेव्हा त्याने विनासंकोच आम्हालाच पुढे केले. निवड योग्य होती.

डॉक्टर मायांकडे अनेक स्त्रिया येत. कोणाची छाती धडधडे, कोणाची झोप उडालेली असे, कोणाच्या डोळ्यांत भाजी चिरताना कांदा नसतानाही पाणी येई. डॉक्टर रक्त तपासत, औषध लागेल तिथे औषध देत, आणि आवश्यक वाटले तर मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवत. विसावा हा उपचाराला पर्याय आहे, असे त्या कधीच म्हणाल्या नाहीत. मीही म्हणत नाही. परंतु बऱ्याच जणींना त्या याशिवाय आणखी एक गोष्ट सांगत, “मागे एक खोली आहे. फोन बाहेर टोपलीत ठेवा. आत जा, स्वतः कडी लावा, आणि अर्धा तास काहीही करू नका.”

ऐकायला सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी बहुतेकींना मला हातही लावता येत नसे. त्या दार नुसते लोटून घेत. “कोणी बोलावलं तर?” असे विचारत. काही जणी कडी लावून लगेच काढत, जणू पितळ तापलेले आहे.

त्यांच्यातच एक दिवस मेघना आली. खोपटला एस.टी. डेपोजवळ राहणारी, वय चाळिशीच्या उंबरठ्यावर. नवरा रत्नदीप डेपोच्या कार्यशाळेत मेकॅनिक, मुलगा प्रितम दहावीत, आणि सासू जाईबाई. लग्नानंतर पदवी घेऊन मेघनाने एका विमा कंपनीच्या कचेरीत नोकरी मिळवली होती. त्या नोकरीचा तिला सार्थ अभिमान होता. आता मात्र समोरच्या कागदावरचे नाव तिला दोनदा वाचूनही कळेनासे झाले होते. एके सकाळी दुधाची पिशवी तिने कपड्यांच्या कपाटात ठेवली आणि इस्त्रीचा शर्ट फ्रिजमध्ये. घरात सगळे खूप हसले. तीही हसली, आणि मग तिला हसणे थांबवता येईना.

“मी राजीनामा देऊ का, डॉक्टर?” तिने विचारले. खोलीचे दार तेव्हा उघडे होते, म्हणून मला सर्व ऐकू आले.

“ते नंतर बघू. आधी सांग, घरी शेवटची मोकळी कधी बसली होतीस?”

“मोकळी?” मेघना म्हणाली. “अहो, मोकळी दिसले की लगेच काम येतं. ‘मोकळीच आहेस ना, मेथी निवड. मोकळीच आहेस ना, याच्या शर्टाला बटण लाव.’ म्हणून मी फडकं घेऊन बसते.”

“कसलं फडकं?”

“पुसायचं. हातात फडकं असलं की लोकांना वाटतं, ही काहीतरी करतेय. टीव्ही बघतानासुद्धा असतं.”

डॉक्टर हसल्या नाहीत. “आण पाहू ते इकडे,” त्या म्हणाल्या. आणि खरोखरच, पर्समधून एक निळ्या चौकड्यांचे फडके निघाले. कचेरीतही ती ते टेबलावर ठेवीत असे.

त्या दिवशी मेघनाने मला लावले. लावून काढले, पुन्हा लावले. खाटेवर बसून तिने आधी खिडकीची कड पुसली, मग मेजाचा पाय पुसला. तिसऱ्या भेटीत पुसण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा ती फडके मुठीत धरून आडवी झाली. पंधरवड्याने ती मला एकदाच लावू लागली. कचेरीत नाव एकदा वाचून कळू लागले. माझ्याबद्दल मला कधी शंका नव्हती. तिच्याबद्दलही उरली नाही.

परंतु दवाखान्याचा अर्धा तास किती दिवस पुरणार? डॉक्टर म्हणाल्या, “हेच आता घरी कर.” आणि त्यातून डिसेंबरातला तो प्रकार घडला. दुसऱ्या दिवशी मेघनाने तो डॉक्टरांना सांगितला, तेव्हा मी ऐकला.

रविवारची दुपार होती. मेघनाने आतल्या खोलीचे दार लावले. त्या दाराला ॲल्युमिनियमची एक किरकोळ खिटी होती, ती तिने सरकवली आणि ती झोपली. कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी गाढ झोप तिला लागली. इकडे जाईबाईंनी हाक मारली. उत्तर नाही. दार ढकलले. दार बंद!

“रत्नदीप! अरे रत्नदीप, हिने कडी लावलीय रे!”

“मेघना! अगं उघड ना! काय झालंय? मी काय बोललो का तुला?”

शेजारच्या सगुणाकाकू धावत आल्या. “अगो बाय, काय झाला गो? सकाळी भांडान झालेला काय?”

“भांडण कसलं? वांग्याची भाजी करून जेवली सगळ्यांबरोबर!” जाईबाई म्हणाल्या.

रत्नदीपने खांद्याने धडक देऊन दार उघडले. मेघना जागी झाली तेव्हा अर्धा मजला तिच्या खाटेभोवती उभा होता. काकू तिच्या नाकाशी कांदा धरून होत्या आणि जाईबाई ऊर बडवत होत्या.

“काय झालं?” मेघनाने घाबरून विचारले.

“आम्हाला विचारतेस?” जाईबाई किंचाळल्या. “दिवसाढवळ्या कडी लावायला काय झालंय तुला? घरात माणसं राहत नाहीत का?”

खिटी मोडलीच होती. जाईबाईंनी ती पुन्हा बसवू दिली नाही. “या दाराला आता कडी नको,” असे त्यांनी जाहीर केले. त्यांना खरोखर भीती वाटली होती, हे मान्य करणे भाग आहे. पण तेव्हापासून मेघना न्हाणीघरात गेली तरी बाहेरून हाक येई, “मेघना? ठीक आहेस ना?” फडके पुन्हा चोवीस तास हातात आले. जानेवारीत ती डॉक्टरांसमोर बसली, तेव्हा राजीनामा पर्समध्ये होता.

“आठ दिवस थांब,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि तुझ्या सासूबाईंना घेऊन ये.”

जाईबाई आल्या. कडक इस्त्रीचे पातळ, ताठ मान. मला त्या पाहताक्षणीच आवडल्या. शिस्तीच्या बाईला शिस्तीची बाई ओळखता येते.

“जयभीम, डॉक्टरबाई. स्पष्ट बोलते. आम्ही चार घरची धुणीभांडी करून पोरं वाढवली. आम्हाला कुठं आला होता असला थकवा?”

“आला नव्हता?”

“आला तरी सांगणार कोणाला?”

“बरं. तुमच्या घराला तेव्हा आतून कडी होती?”

“एका खोलीत सात माणसं. कडी लावून कोणाला बाहेर ठेवायचं?” जाईबाई तटकन म्हणाल्या. मग थांबल्या. पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागल्या. “चाळीत कडी एकाच दाराला होती. न्हाणीच्या.”

डॉक्टरांनी हातातले पेन खाली ठेवले.

“अंघोळ झाली की मी तसाच नळ सोडून बसायचे. पाणी पडतंय म्हटलं की कोणी हाक मारत नाही. सगळी चाळ हसायची, जाईला अंघोळीला फार वेळ लागतो म्हणून.” त्यांनी डॉक्टरांकडे पाहिले नाही, बाहेरच्या बाकावर बसलेल्या मेघनाकडे पाहिले. मेघना बाकाची पाठ पुसत होती. “तिचं ते फडकं...” जाईबाई म्हणाल्या. “मला वाटायचं, स्वच्छतेची आवड आहे पोरीला.”

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी भिवाला बोलावून मला आणि कोयंड्याला दारावरून उतरवले. “इथं दुसरी बसेल. ही तुम्ही न्या, जाईबाई. लावायची की नाही, ते तुम्ही ठरवा.” कोथिंबिरीच्या जुडीखाली, एका कापडी पिशवीतून, मी रिक्षाने खोपटला गेले. माझ्या प्रतिष्ठेला तो प्रवास शोभणारा नव्हता. पण कार्य मोठे होते.

जाईबाईंनी दोन दिवस मला स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवले. येता-जाता माझ्याकडे बघत. तिसऱ्या दिवशी त्यांनी रत्नदीपला हुकूम सोडला, “बसव ही. नीट बसव. आणि ऐक, ही लागलेली असताना दारावर कोणी हात मारायचा नाही. ती आत झोपू दे नाहीतर नुसती छताकडे बघत बसू दे.”

राजीनामा फाटला. परंतु निकाल अजून लागलेला नव्हता. दार वाजत नसे, हे खरे. दारातून आवाज मात्र येत. रत्नदीप डेपोत आख्खी बस खोलून पुन्हा जोडतो, पण घरात साखरेचा डबा त्याला सापडत नसे. “मेघना, उठू नकोस, फक्त साखर कुठंय ते सांग!” प्रितमला मोज्यांचा जोड मिळत नसे. “मम्मी, झोपलीयस का? झोपली नसशील तर...” मेघना आतून उत्तरे देई, आणि कडी लावूनही फडके मुठीतून सुटत नसे. माझे काम दार अडवण्याचे आहे. हाक अडवणे मला जमत नाही. ती घरातल्या माणसांनीच अडवावी लागते. वाचकहो, माझी विनंती म्हणाल तर एवढीच आहे. साखर शोधा. सापडते.

दहा मार्च दोन हजार चोवीस, रविवार. शिशिर सरत आला होता. दुपारी मेघनाने मला नुकतेच लावले होते, तेवढ्यात कल्याणहून रत्नदीपची आत्या आली. आत्याबाईंचा आवाज भिंतीपलीकडेही पोहोचतो.

“सून कुठाय गं जाई? चहा टाकायला सांग. घसा सुकला माझा.”

खाटेवर मेघना ताडकन उठून बसली. ती दाराशी आली आणि तिचा हात माझ्याकडे येऊ लागला. मी स्तब्ध होते. मला आणखी काय करता येणार?

“मोकळी आहे ती,” बाहेरून जाईबाई म्हणाल्या.

“मोकळी आहे ना? मग बोलव की!”

“मोकळी आहे, म्हणूनच नाही बोलवायची.” जाईबाईंचा आवाज चढला नाही. “रत्नदीप, आत्याला चहा टाक. साखर हिरव्या झाकणाच्या डब्यात आहे. आणि प्रितम, मम्मीला हाक मारलीस तर बघ.”

“आई, आलं कुठंय?”

“शोध.”

मेघनाचा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबला होता. तो खाली गेला. तिने मुठीतले फडके पाहिले, त्याची चौपदरी घडी घातली आणि खाटेशेजारच्या डुगडुगणाऱ्या मेजाच्या पायाखाली सरकवली. मेज स्थिर झाले. फडके आजही तिथेच आहे. मग ती आडवी झाली आणि खुशाल झोपली.

आत्या गेल्यावर मेघना दार उघडून बाहेर आली. हात रिकामे होते. जाईबाई दाराशीच उभ्या होत्या.

“झाली झोप?”

“झाली, आई.”

“मग सरक. आता मी.”

त्यांनी आत येऊन मला लावले. त्या खोलीत नळ नव्हता, पाणी पडत नव्हते, आणि बाहेरून कोणी हाक मारली नाही. मी कोयंड्यात नीट बसले आहे ना, हे जाईबाईंनी एकदा ओढून पाहिले.

मी नीटच बसले होते.