गुरुवारचा नमुना

दोन पर्यायांपुढे दोन पोकळ वर्तुळं होती, मसुराच्या दाण्याएवढी. वरच्या वर्तुळात निळा ठिपका होता, खालचं रिकामं होतं. आत्याने चष्मा नाकावर नीट बसवला आणि पडद्याजवळ वाकून दोन्हींपुढचे शब्द वाचले. वर होतं ‘फक्त मी’. खाली ‘सर्वजण’.

“ते शेवटी,” पुतणी म्हणाली आणि तिने पान वर सरकवलं. “आधी ब्लॉगचं नाव सांग.”

नाव आत्याने कागदावर लिहूनच ठेवलं होतं: ‘ओढ्याच्या पाण्याची काही निरीक्षणं’. पुतणीला ते वाचून हसू आवरलं नाही. हे वाचायला कोण येणार, मासे का, असं तिने विचारलं. आत्याही हसली. ओढ्यात आता मासे नाहीत, हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण ती बोलली नाही. शेवटी ‘पाण्याची वही’ या नावावर दोघींचं जमलं.

पुतणी एका छापखान्यात संगणकावर पानं लावायची. रविवारची तिची एकच सुट्टी, आणि तीही तिने आज आत्याला दिली होती. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढून आत्या तीन महिन्यांपूर्वी निवृत्त झाली, तेव्हा आता तिला विरंगुळा हवा असणार, असा पुतणीचा समज होता. आत्याने तो दूर केला नव्हता.

सेटिंग्जचं पान बरंच लांब होतं. भाषा निवडून झाली. मग वेळ आली. ब्लॉगचं घड्याळ भलत्याच देशाचं होतं. भिंतीवर सव्वाचार वाजले होते आणि तिथे अजून दुपारसुद्धा झाली नव्हती. पुतणी ते तसंच सोडून पुढे निघाली होती. वेळेने काय बिघडतंय, असं तिचं म्हणणं पडलं.

“ज्या नोंदीची वेळ चुकली ती नोंदच नाही,” आत्या म्हणाली. हातात पहिल्यांदा नमुन्याची बाटली धरणाऱ्या प्रत्येकाला तिने हे सांगितलं होतं. आता ते बोलताना तिचाच आवाज तिला परका वाटला.

पुतणीने मुकाट्याने घड्याळ लावलं. वाचकांच्या प्रतिक्रिया आधी आत्याकडे येतील आणि तिने होकार दिल्यावरच दिसतील, अशी सोय तिने केली. नाहीतर पहिल्याच दिवशी कोणीतरी टकलावरचं तेल विकायला येईल, असं ती म्हणाली. मग तिने पिशवीतून घरची पाण्याची बाटली काढून झाकण फिरवलं.

आत्या उठली. स्वयंपाकघरातून पाण्याने भरलेला पेला आणून तिने पुतणीपुढे ठेवला, तिच्या हातातली बाटली काढून घेतली आणि खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवली.

“झालं सुरू,” पुतणी म्हणाली. “बाबा म्हणायचेच, ताई आली की आमच्या माठाला घाम फुटतो.”

बाबा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी मूत्रपिंडं निकामी होऊन तो गेला. जाईपर्यंत तो ओढ्याजवळच्या वसाहतीतल्या घरात राहिला. पुतणी आणि तिची आई अजून तिथेच होत्या. आत्याने एकदा त्या घरात पाण्याचं मोठं फिल्टर आणून स्वतःच्या हाताने भिंतीवर बसवलं होतं. पाणी फार वाया जातं म्हणून भावाने तीन महिन्यांत ते उतरवलं. आत्याने खूप हट्ट केला, पण कारण सांगितलं नाही.

“आता पहिली नोंद,” पुतणी म्हणाली.

आत्याने कपाटातून कापडी पाठीची वही आणली, खूण घातलेलं पान उघडलं आणि तिच्यापुढे ठेवलं. पुतणी वाचत वाचत टाइप करू लागली.

“‘गुरुवार. ओढा, उपसा विहिरीजवळ. क्रोमियम मर्यादेच्या साडेसात पट. तीनदा तपासलं. तिन्ही वेळा नळीत गडद जांभळा रंग.’” तिची बोटं थांबली. “उपसा विहीर म्हणजे आमची? वसाहतीच्या नळांना पाणी देते ती?”

“हो.”

“कधीचं आहे हे?”

पडद्यावर उजवीकडे तारखेची चौकट होती आणि तिच्यात आजची तारीख आपोआप येऊन बसली होती. ती बदलता येते का, असं आत्याने विचारलं. येते की, मागची कुठलीही टाकता येते, पुतणी म्हणाली. आत्याने मांडीवर एका हातावर दुसरा हात ठेवला आणि नव्या माणसांना काम समजावून द्यायची त्याच संथ आवाजात सांगायला सुरुवात केली.

ओढ्याच्या वरच्या अंगाला धातूवर मुलामा चढवणारा कारखाना आहे. रविवारी तो बंद असतो. त्याचं पाणी रात्रभर वाहून जातं आणि सोमवारी सकाळी ओढा स्वच्छ असतो. नमुना सोमवारी सकाळी घ्यायचा, हे वेळापत्रक आत्यानेच बनवलं होतं, कारण प्रयोगशाळेची गाडी सोमवारी मोकळी असायची. कारण एवढंच. आठ वर्षं तसंच चाललं. मग एका सोमवारी गाडी बंद पडली आणि नमुना आला तो थेट गुरुवारी. साहेबांनी आकडा पाहिला आणि विचारलं, वेळापत्रकात गुरुवार आहे का? खाली सही कोणाची आहे? वेळापत्रकात नाही म्हणजे हा नमुना घेतलाच गेला नाही. आत्याने बाटली धुवून जागेवर ठेवली. पुढच्या आठवड्यापासून पुन्हा सोमवार. अहवालांवर सह्या तिच्याच.

“त्यातला एकही अहवाल खोटा नव्हता,” ती म्हणाली.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर ते वेळापत्रक अजून तिच्याच अक्षरात होतं. उद्या सोमवार. तिच्या जागी आलेली मुलगी उद्या सकाळी तिथून स्वच्छ पाणी भरून आणणार होती.

“तारीख?” पुतणीने विचारलं.

आत्याने सांगितली. अकरा वर्षांपूर्वीचा बारा मार्च.

पुतणीने ती टाकली नाही. पडद्यावरची नजर काढून तिने भिंतीकडे पाहिलं. आत्याला कळलं, ती मोजते आहे.

“तेरा तारखेला माझा वाढदिवस,” पुतणी म्हणाली. “तू संध्याकाळी फिल्टर घेऊन आलीस. मला वाटलं, माझ्यासाठी खोक्यात काहीतरी आहे.”

आत्याने वहीतली खूण सरळ केली.

“आम्हालाच आणलंस. शेजारी चारशे घरं आहेत, आत्या.” पुतणी म्हणाली, “बाबांना नुसतं सांगितलं असतंस तर त्यांनी ते उतरवलं नसतं.”

“त्या पाण्यानेच तो गेला असं मला म्हणता येत नाही. तेवढा पुरावा नाही.” आत्या म्हणाली. “त्या पाण्याने गेला नाही, असंही म्हणता येत नाही.”

पुतणीने पेला उचलला, त्यातल्या पाण्याकडे पाहिलं आणि न पिता खाली ठेवला. मग माऊस हातात घेतला. तिचा आवाज छापखान्यात गिऱ्हाइकाशी बोलावं तसा कोरडा झाला होता.

“आजचीच तारीख राहू दे. लोकांना आकडा कळल्याशी मतलब. जुनी टाकलीस तर पहिला प्रश्न तुलाच विचारतील, इतकी वर्षं काय करत होतीस म्हणून.” मग म्हणाली, “आईपण विचारेल.”

खिडकीच्या कट्ट्यावरच्या बाटलीतून उतरतं ऊन आरपार जात होतं. पाण्यात कसलाही रंग नव्हता. कालच्या शनिवारचं पाणी, आत्याच्या मनात आलं.

पुतणीने पान खाली नेलं. ती दोन वर्तुळं पुन्हा समोर आली. निळा ठिपका अजून वरच्यातच होता. ती वाट पाहत राहिली, आत्याकडे मात्र तिने पाहिलं नाही.

आत्याने वही मिटली.

“बारा मार्चच टाक,” ती म्हणाली. “खाली माझं पूर्ण नाव. आणि सर्वजण.”