सतरा नंबरचा बिल्ला

मी एक जुना पितळी बिल्ला आहे. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये एका सिंधी कारागिराने माझ्यावर सतरा हा आकडा ठोकला. "साईं, घिस जाएगा पण मिटेगा नहीं," असं तो अभिमानाने म्हणाला होता. तो आकडा अजूनही मिटलेला नाही. मित्रांनो, त्याचाच मला आता कंटाळा आला आहे.

१९८८ साली बदलापूरजवळच्या एका पैदास केंद्रात मी हौशा नावाच्या गोऱ्ह्याच्या गळ्यात पडलो. त्याच्या शेजारी अठरा नंबरचा गोऱ्हा होता. दोघेही तांबडे, अगदी एकसारखे. त्यांना बाटलीने दूध पाजणाऱ्या रखमाला मात्र ते लांबूनही ओळखू येत.

दिवाळीच्या आधी डॉक्टर विष्णुपंतांनी दोघांना इंजेक्शन देऊन थोड्या वेळाने रक्त काढलं. रक्तातलं संप्रेरक ज्याचं जास्त वाढेल, तो लवकर वयात येणार. त्याला वळू म्हणून ठेवायचं, दुसऱ्याला विकायचं, असं ठरलं होतं. आधी हौशाला टोचलं. रखमाने त्याला पोटाशी धरलं होतं.

मग वसुबारस आली. पूजेसाठी रखमाने वासरं धुतली, आम्हा दोन्ही बिल्ल्यांना काढलं आणि चिंच लावून लख्ख घासलं. कौतुकाने घासलेला मी तेव्हा किती सुखावलो होतो! पण रखमाला आकडे वाचता येत नव्हते. तिने मला अठराच्या गळ्यात बांधलं आणि त्याचा बिल्ला हौशाच्या.

आठवड्याने अहवाल आला. आधी टोचलेला सतरा उत्तम, अठरा विका.

हौशाला टेम्पोत चढवताना रखमा आडवी आली. "सायेब, पयला टोचला तो योच हाय! याला नका इकू!"

"रखमा, माया बाजूला ठेव. बिल्ला खोटं बोलत नाही," विष्णुपंत म्हणाले.

मी खोटं बोलत होतो. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

दोन वर्षं झाली तरी मी ज्याच्या गळ्यात होतो तो गोऱ्हा वयात येईना. "चाचणीच कुचकामी," म्हणत विष्णुपंतांनी ती बंद केली. वही मिटता मिटता मात्र ते थबकले. गोठ्यात येऊन हळूच म्हणाले, "रखमा, पहिला टोचला तो खरंच हौशा होता का गं?"

रखमा शेण भरत होती. तिने वर पाहिलं नाही.

"म्हशाच्या जत्रंत, गुरांच्या बाजारात दिसला मना. हाक मारली, तं वळून बघलान. खच्ची केलाय त्याला, सायेब. आता नांगराला हाय."

तेव्हापासून मी गोठ्यातल्या खिळ्यावर लटकतो आहे. चिंच लावून मला कोणी घासत नाही, आणि नकोच आहे मला. मित्रांनो, माझा आकडा जरूर वाचा. पण त्याआधी, ज्या हातांनी दूध पाजलं त्या हातांना एकदा विचारा.