चष्मा काढल्यावरची शांतता

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे, आणि आधीच कबूल करून टाकतो, मी भित्रा आहे. काचेच्या जातीला भीती जन्मापासूनच असते. पण माझी भीती नुसती पडण्याफुटण्याची नाही. ज्या बाईंना सगळं सभागृह वचकून असे, त्यांच्या नाकावर मी एकवीस वर्षं बसलो, आणि त्या किती घाबरतात हे त्यांच्या बहिणीखेरीज फक्त मला ठाऊक होतं. एवढं मोठं गुपित पोटात ठेवायचं, तेही पोट नसताना, हे सोपं काम नाही.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. म्हाताऱ्या चष्मेवाल्यांनी चाकावर पाणी सोडत सोडत माझ्या काचा घासल्या. नंबर इतका मोठा की काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड झाल्या. नाकावर खुणा पडतील, असं त्यांनी सांगून पाहिलं. बाई तेव्हा शाळेत गणित शिकवत. त्या म्हणाल्या, पडू देत, शेवटच्या बाकावरचं पोर दिसलं म्हणजे झालं. चष्मेवाल्यांनी मला मऊ फडक्यात गुंडाळलं आणि बजावलं की चष्मा नेहमी दोन्ही हातांनी काढावा, एका हाताने काढला की काडी ढिली होते. बाईंनी मान डोलावली आणि हे एक दिवसही पाळलं नाही.

पुढे बाई निवडून आल्या आणि विरोधी बाकांवर जाऊन बसल्या. शाळेतल्या सगळ्यांना त्या बाई होत्या, सभागृहातही बाईच राहिल्या. त्यांचं पहिलं भाषण मी विसरणार नाही. समोरच्या बाकांवरचे चेहरे माझ्यातून अगदी स्वच्छ दिसत होते. कुणी जांभई देत होतं, कुणी शेजाऱ्याच्या कानात काही सांगून हसत होतं. बाईंनी हातातला कागद दोनदा उलटा धरला, आणि घामाने मी नाकावरून घसरत होतो. मग त्यांनी एका हाताने मला ओढून काढलं. चेहरे पुसले गेले. समोर माणसं उरली नाहीत, नुसते कोटांचे काळे-करडे डाग उरले. तेवढ्यावर बाईंना धीर आला. त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि वर्गात गणित घातल्यावर थांबत तशा थांबल्या. उत्तर देणारे मंत्री तीनदा अडखळले.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी लिहिलं, बाईंची स्वतःची शैली आहे. शैली कसली, भीती होती. पण नाव पडलं ते पडलंच.

खरं सांगायचं तर शैली नंतर तयार झाली. बाई कधी ओरडल्या नाहीत, बाक बडवला नाही, कुणाला नावं ठेवली नाहीत. सरकारचाच एखादा कागद त्या हजेरी घ्यावी तशा सपाट आवाजात वाचत. मग मला काढत. मग एक प्रश्न, आणि त्यानंतर शांतता. शांतता कुणालाच सोसत नाही, आणि ज्याच्या मनात काही खुपत असतं त्याला तर मुळीच नाही, असं त्या घरी थोरल्या बहिणीला सांगत. नवे सदस्य आरशासमोर चष्मा काढायचा सराव करत. एकाने तर बिननंबरी चष्मा विकत घेतला. घरात सगळे ज्यांना अक्का म्हणत, त्या थोरल्या बहिणीला या कौतुकाचं हसू यायचं. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढते, आणि पेपरवाले हिला वाघीण म्हणतात, असं त्या भाजी निवडता निवडता म्हणायच्या.

एका दुपारी बारीक आवाजाचा एक अभियंता घरी आला. स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसला आणि पुढ्यातलं पाणी तसंच ठेवलं. नदीवरच्या मोठ्या पुलाची तपासणी त्याने केली होती. एका खांबाला पाण्याखाली तडा गेला होता. त्याने अहवाल हाताने लिहून वर पाठवला, तो कुणीतरी दाबून ठेवला, आणि पुलावरून बस चालूच राहिल्या. अहवालाची दुसरी प्रत त्याने शर्टाच्या आतून काढून दिली. त्याला दोन लहान मुली होत्या आणि राहायचं घर खात्याचं होतं. माझं नाव आलं तर आम्ही रस्त्यावर येऊ, एवढंच तो म्हणाला. बाईंनी त्याला शब्द दिला.

आता मित्रांनो, सभागृहाचा एक नियम समजून घ्या. कुणी कागद वाचून दाखवला, तर तो अध्यक्षांसमोरच्या मेजावर ठेवावा लागतो. मग तो कुणालाही पाहता येतो. म्हणून बाई असा कागद आधी स्वतःच्या हाताने उतरवून काढत आणि ती नक्कलच सभागृहात नेत. नियमही पाळला जाई आणि अक्षरही त्यांचंच राही. त्या सकाळी त्यांनी नक्कल केली, चुकेल की काय या धास्तीने ती फाडून परत एकदा केली, आणि मूळ आणि नक्कल अशा दोन्ही कागदांवर मला ठेवून तोंड धुवायला गेल्या. आल्या, घाईने मला उचललं, आणि शेजारचा कागद फायलीत घातला. तो मूळ कागद होता. नक्कल घरच्या मेजावरच राहिली. मी तिच्यावर बसलो होतो, मला सगळं माहीत होतं. त्या दिवसाइतकी मला तोंड नसल्याची लाज कधी वाटली नाही.

सभागृहात बांधकाममंत्री आधी बोलले. त्यांचा आवाज इतका मोठा की मागच्या बाकांवरचे लोक त्यांना नगारा म्हणत. पुलाची तपासणी वगैरे काही झालेलीच नाही, ही सगळी विरोधकांनी उठवलेली आवई आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. मग बाई उठल्या आणि फाईल उघडली.

माझ्यातून त्यांना त्या अभियंत्याचं अक्षर दिसलं. उजवीकडे झुकलेलं, बारीक, प्रत्येक ओळीखाली पट्टीने रेघ मारलेलं. त्यांनी वर पाहिलं. अधिकाऱ्यांच्या सज्जात मुख्य अभियंता पुढे वाकून बसला होता. खात्यातल्या प्रत्येकाचं अक्षर त्याच्या डोळ्यांखालून गेलेलं असणार. बाईंच्या कानशिलांवर घाम आला आणि माझ्या काड्या ओल्या झाल्या.

नगारामंत्री ताडकन उभे राहिले. ते याच क्षणाची वाट पाहत असावेत.

"अध्यक्ष महाराज, बाई वाचणार असतील तर कागद मेजावर ठेवावा. आम्हालाही कळू दे, कुणाचं अक्षर आहे ते."

कागद ठेवला तर तो माणूस मुलींसकट रस्त्यावर येणार. न बोलता खाली बसलं तर बस त्या खांबावरून जात राहणार. मला वाटलं, आता बाई बसतील. मित्रांनो, मला तर त्यांनी बसावंसंच वाटत होतं. मी भित्रा आहे हे मी आधीच सांगितलंय.

त्यांनी एका हाताने मला काढलं.

"अध्यक्ष महाराज, मी काहीही वाचत नाहीये. चष्मा माझ्या हातात आहे. चष्म्याशिवाय मला मंत्र्यांचा चेहरा दिसत नाही, कागद कुठून दिसणार?"

काही जण हसले. अध्यक्षांनी मान हलवली, बोला म्हणाले. आणि बाई आठवणीतून बोलू लागल्या. पुलाला अकरा खांब आहेत. त्यातल्या एकाला पाण्याखाली तडा गेलाय. हाताची चार बोटं आत जातील एवढा तो तडा आहे. तपासणी चार महिन्यांपूर्वी झाली. दोनदा उतरवलेल्या ओळी एकामागून एक येत होत्या. मात्र एक आकडा चुकला असता तरी नगाऱ्याने त्यांना खोटारडी ठरवलं असतं.

"आणि तो खांब, अध्यक्ष महाराज, तो खांब कितवा..."

बाई थांबल्या.

सभागृहाला ही खूण पाठ होती. बाईंनी प्रश्न टाकला, आता त्या थांबणार. कुणी खोकेना, कुणी कागद हलवेना. पण मी त्यांच्या मुठीत होतो आणि मला कळत होतं, हा प्रश्न त्यांनी मंत्र्यांना विचारलाच नव्हता, स्वतःला विचारला होता. त्यांना आकडा आठवत नव्हता. पाचवा, सातवा, आठवा, काहीच येईना. आकडा समोरच्या कागदावर होता, वीतभर अंतरावर. मला नुसतं नाकावर चढवलं असतं तरी तो दिसला असता. पण मग ते वाचणं झालं असतं आणि कागद मेजावर गेला असता. त्यांची मूठ आवळत गेली. हात थोडा वर उचलला गेला, अर्ध्यावर थांबला, परत खाली आला. मी मनात देवाचा धावा करत होतो, आणि माझी उजवी काडी वाकत होती.

काडी मोडली. तो बारीक आवाज फक्त आम्हा दोघांना ऐकू आला.

आणि तेवढ्यात नगारामंत्र्यांना शांतता असह्य झाली.

"त्यात लपवण्यासारखं काय आहे? सातव्या खांबाची दुरुस्ती आम्ही मंजूर करतोय!"

बाईंनी श्वास सोडला. त्यांचा आवाज पहिल्यासारखाच सपाट होता.

"अध्यक्ष महाराज, मगाशी मंत्री म्हणाले, तपासणी झालीच नाही. आणि मी तर अजून कुठल्याच खांबाचा आकडा सांगितलेला नाही."

पुढचा गदारोळ मी पाहिला नाही, मी मुठीतच होतो. त्याच संध्याकाळी पूल बंद झाला आणि खांबाची दुरुस्ती व्हायला दीड वर्ष लागलं. पूल पडला नाही, म्हणून त्याची आठवणही कुणी ठेवली नाही. न पडलेल्या पुलाला हार कोण घालणार? घरी अक्कांनी मूळ कागद शेगडीवर धरून जाळला आणि माझी काडी काळ्या दोऱ्याने बांधली. बांधताना तोंडाने मात्र चष्मा जपून वापरण्यावरून बहिणीला बोलणं चालू होतं.

त्यानंतर बाईंनी हलका, नव्या तऱ्हेचा चष्मा केला आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. बटणं, जुन्या किल्ल्या आणि एक सुटं घड्याळ, एवढाच शेजार. काचांवर धूळ बसली. बाई निवडणूक हरल्या, घरी बसल्या, हे मी आवाजांवरून ओळखलं. किती वर्षं गेली कुणास ठाऊक.

मग एके सकाळी मला त्या अभियंत्याचा बारीक आवाज ऐकू आला. तो आता निवृत्त झाला होता. पुलाच्या त्या दिवशी कचेरीत सगळ्यांबरोबर रेडिओवर कामकाज ऐकत होतो, असं तो सांगत होता. रेडिओवर चष्मा दिसत नाही, नुसती शांतता ऐकू येते. त्या शांततेत आपण मनातल्या मनात राजीनामा लिहून काढला होता, आणि बाईंनी मात्र किती थंड डोक्याने वाट पाहिली, असं तो म्हणाला.

"वाट कसली," बाई म्हणाल्या. "आकडा आठवत नव्हता."

पाण्याचा पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्याने हळूच सांगितलं, दुसऱ्या एका पुलाची चौकशी लागली आहे, समितीसमोर साक्ष द्यायची आहे, आणि या वेळी स्वतःच्या नावाने. पण आता जावयाची नोकरी त्याच खात्यात आहे. भीती कशी घालवायची, हे विचारायला तो आला होता.

बाईंनी ड्रॉवर उघडला. मला पदराने पुसलं आणि त्याच्या हातावर ठेवलं.

"ती जात नाही. हा हातात धरा. आणि समोरचे चेहरे फारच जवळ यायला लागले तर डोळ्यांवर चढवा. तुमची नजर चांगली आहे, माझ्या नंबरातून तुम्हाला कुणीच दिसणार नाही."

मित्रांनो, चष्मा दोन्ही हातांनी काढत जा, मऊ फडक्याने पुसत जा, आमच्या काड्या मोडतात. आणि भर सभेत कुणी एकटं उभं राहून बोलत असेल, तर त्याच्या आवाजावर जाऊ नका, एकदा त्याच्या हाताकडे बघा. शक्य असेल तर त्याच्या बाजूला जाऊन उभे राहा. प्रत्येकाला चष्मा मिळतोच असं नाही.

आज मी त्या अभियंत्याच्या खिशात आहे. समितीच्या दालनाबाहेरच्या बाकावर तो एकटाच बसलाय. त्याचा हात खिशात येतो, दोऱ्यावरून अंगठा फिरवतो, परत जातो. बाईंचा हात माझ्यावरून असाच फिरायचा. आता दार उघडलं आणि आतून कुणीतरी त्याचं पूर्ण नाव मोठ्याने पुकारलं. मला खूप भीती वाटतेय. तो उठला आहे.