पहिल्या भागातलं रडणं

वारंगा फाट्यावर नानांचं दुकान होतं. म्हणायचं म्हणून दुकान. पत्र्याची टपरी ती. एका बाजूला पानसुपारी आणि बिस्किटं, दुसऱ्या बाजूला सुतळीवर टांगलेली, भाड्यानं वाचायची हिंदी कॉमिक्स. त्यांत मान सगळ्यांत मोठा 'वज्रमंडली'चा. चार वीर आणि पाचवी पवना, वाऱ्यावर स्वार होणारी. पण गंमत अशी, की नानांकडे ही मंडळी आली ती थेट नवव्या भागापासून. तोवर पाचही जण एकमेकांना पक्के ओळखत होते, चांगले कचाकचा भांडतही होते. ते पहिल्यांदा भेटले कसे, पवना घर सोडून का निघाली, हे सगळं आधीच्या भागांत होतं, आणि ते भाग काही फाट्यापर्यंत पोचले नाहीत.

याचा घोर सगळ्यांत जास्त निलमला. तिचा तांडा फाट्याला लागूनच. दिवाळी झाली की याडी आणि बा, म्हणजे तिचे आईबाप, ऊसतोडीला निघायचे आणि निलम त्यांच्यासोबत. मोठा भाऊ रणजीत मात्र आश्रमशाळेत. पोरगा हुशार, त्याची शाळा बुडायला नको. पोरीची बुडाली तर कुणाचं काय जातं? निलमला या न्यायाचा फार राग यायचा, पण रणजीतचा नाही. कारण पाडव्याच्या सुमारास ती परतली, की मधल्या दिवसांत आलेली सगळी कॉमिक्स तो तिला तोंडी सांगायचा, मारामारीच्या आवाजांसकट.

एका उन्हाळ्यात तो धापा टाकत आला.

"निलम, पयला भाग घावला! होस्टेलातल्या एका पोराकडं होता."

"मंग सांग ना! पवना कशी आली?"

बाभळीखाली बकऱ्या राखत त्यानं सांगितलं. पवनाचे लोक बैलांवर मीठ लादून गावोगाव फिरणारे. चौघे वीर तिला न्यायला आले, पण तिचा पाय निघेना. निघताना ती प्रत्येकाच्या गळ्यात पडून सूर धरून रडली. याडीच्या, बाच्या, अगदी मीठ वाहणाऱ्या बैलाच्याही. शेवटी भावाच्या. भाऊ म्हणाला, 'तू नुसती वाऱ्यावर हाक टाक, मी येतो.' मग पवना वज्रमंडलीच्या किल्ल्यावर पोचली.

"मंग? भाऊ गेला का न्हाई?"

"ते दुसऱ्या भागात हाय. पुढल्या साली सांगतो."

पुढल्या साली रणजीत फौजेत भरती झाला होता.

मग निलमचं लग्न ठरलं, कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यात. नवरी सासरी निघते तेव्हा तांड्यात ढावलो म्हणायची रीत आहे. एकेका माणसाच्या गळ्यात पडायचं आणि त्याच्यासोबत काढलेले दिवस सुरात सांगत रडायचं. निलम सगळ्यांपाशी रडली. रणजीतला मात्र सुट्टी मिळाली नाही, आणि त्याच्या वाट्याचा ढावलो तिच्या गळ्यातच राहिला. तो नंतर सवडीनं म्हणायचा प्रकार नव्हे. रणजीतला त्याची अशी लाज वाटली, की तो बहिणीच्या सासरी एकदाही फिरकला नाही. सुट्टीत घाईघाईनं आईबापांकडे यायचा आणि निलमला कळेपर्यंत परत गेलेला असायचा. फोनवर "बरी हायस ना?" आणि "व्हय", की संपलं. तसं निलमचं संसारात सगळं ठीक होतं. तिला फक्त भाऊ हवा होता.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात ती माहेरी निघाली होती. फाट्यावर एसटीतून उतरली, तर नानांनी टपरीतूनच हाक मारली. नाना आता थकले होते. कॉमिक्सच्या जागी मोबाइलची रिचार्ज कूपनं लटकत होती.

"अगं निलम, थांब. तुझी वज्रमंडली आलीय बघ. सुरुवातीचे भाग, नव्यानं छापलेत."

निलमनं पिशवी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच वाचायला घेतलं. त्यात पवना अनाथ होती. वादळात सापडलेली, कुठल्याशा प्रयोगशाळेत वाढलेली. चौघे वीर दारात आले, ती 'चलो' म्हणाली आणि उडाली. एका पानात काम तमाम!

निलमनं पानं मागंपुढं करून पाहिली आणि भडकलीच.

"नाना, ह्यातली पानं गळालीत. रडायची पानं कुठं हायत?"

"कसली रडायची?"

"पवना निघताना भावाच्या गळ्यात पडून रडते, ती! मीठवाले लोक, बैल, काहीच न्हाई ह्यात!"

नानांनी चष्मा चढवून पुस्तक चाळलं. "पानं बराबर आहेत. अगं, कॉमिक्समधली बाई सूर धरून रडेल होय? निघताना असं तुमच्या तांड्यातच रडतात."

निलमनं पुस्तक मिटलं. आत्ता तिच्या ध्यानात आलं. रणजीतला पहिला भाग कधी घावलाच नव्हता. बहिणीची तळमळ बघवेना म्हणून त्यानं तो मनानं रचला होता. घर सोडून निघालेली पोर ढावलो म्हणणारच. जगात दुसरीकडे तसं रडत नाहीत, हे त्या पोराच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिला आधी हसू आलं. मग भावाची फार आठवण आली. म्हणजे दुसरा भागही कुठल्या पुस्तकात मिळणार नव्हता. तो फक्त रणजीतजवळ होता.

टपरीत एसटीडीचा फोन होता. तिनं भावाचा नंबर फिरवला.

"भिया, मी निलम."

"काय झालं? याडी बरी हाय ना?"

"सगळे बरे हायत. पवना किल्ल्यावर पोचली, मंग तिचा भाऊ गेला का न्हाई?"

"कोण पवना?"

तो विसरला होता! निलमला फोन आपटावासा वाटला. पण तिनं आपटला नाही. ती त्याला त्याचीच गोष्ट सांगायला लागली. मीठ, बैल, दारात आलेले चौघे. पवना भावाच्या गळ्यात पडते तिथं ती आली आणि सांगता सांगता सूर कधी लागला, तिचं तिलाच कळलं नाही. एका कानावर हात दाबून, ट्रकांच्या भोंग्यांत, ती ढावलो म्हणत होती. बाभळीची सावली आली, पाडव्याची वाट आली, मांडवातली त्याची रिकामी जागा आली. एसटीची वाट पाहणारे लोक वळून बघायला लागले. फोनच्या मीटरवर आकडे पळत होते. नानांनी खांद्यावरचा रुमाल काढून त्यावर टाकला आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले.

सूर थांबला तेव्हा पलीकडे रणजीत हुंदके देत होता. मग त्यानं विचारलं, "मंग? गेला का भाऊ?"

"मला काय ठावं? दुसरा भाग तुह्याजवळ हाय, भिया," निलम म्हणाली. "मी हाक टाकली. आता कनेरगाव नाक्याला उतर अन् सांग."