डोक्यावरून पाणी

"हे कुणाला खरं वाटायचं न्हाई, पण ऐक रुख्मिणी," म्हणत दगडाबाईंनी पडवीत फतकल मारली.

दगडाबाईंच्या थापा त्यांच्या गावात, बोरीत, प्रसिद्ध. वांग्याच्या झाडावर चढून त्यांनी म्हणे कोल्हा हुसकला होता. पण हे गाव चुडावा, इथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. पुतणी प्रियांका आठ दिवसांपूर्वी इथल्या उपकेंद्रात नर्स म्हणून आली, रुख्मिणीच्या घरात भाड्यानं राहिली, तिचा संसार लावायला त्या आल्या होत्या.

रुख्मिणी पोत्यावर टेकून बसली होती. सेहेचाळीस वर्षांची बाई, बाजूला बसून आज बारावा दिवस. दवाखान्याचं प्रियांकानं दोनदा सांगून झालं होतं.

"माझी धाकटी जाऊ सगुणा. हिची आई," दगडाबाईंनी शेंगा फोडणाऱ्या प्रियांकाकडे हनुवटी केली. "माझी पाळी बेचाळिसाव्या वर्षीच गेली. तवापास्नं चूल, देव, समदं माझ्याच गळ्यात. आन ही सत्तेचाळीसची होऊन महिन्याचे पंधरा दिवस बाजूला. आयतं ताट! मी लय जळायचे बघ."

खरंच जळायच्या. भाकरी भाजताना तव्याआधी त्याच तापलेल्या असत. त्यात सगुणा दिवसेंदिवस उजळत चालली. एकदा जेवता जेवता त्यांचे मालक आबासाहेब बोलून गेले, "सगुणाला सावली मानवली." दगडाबाईंनी जिंतूरच्या बाजारातून गोरं व्हायची क्रीम आणली, दाराआड दोन महिने चोळली. अंगातलं रक्त सरलं की माणूस असं पांढरं पडतं, हे त्यांना कुठं ठाऊक!

"'अक्का, दवाखान्यात चला की,' म्हनायची. मी म्हनायचे, पाळी जाताना समद्यांचंच असं होतं. थांबू दे, डोक्यावरून पाणी घे, मग जाऊ. विटाळाचं गाडीत बसतीस का?"

"माझी सासूबी हेच म्हनायलीय," रुख्मिणी पुटपुटली.

"पर थांबतंय कुठं! शेवटी मीच तिला तशीच उठवली. येस्टी सुटली होती, मी रस्त्यात आडवी! डायवर म्हनला, मरायचंय का म्हातारे? म्हनलं, मरायचं न्हाई, हिला जगवायचंय!" अशा वेळी त्यांना आपलं बोलणं स्वतःलाच खरं वाटू लागे. "परभनीच्या डाक्टरीनबाईनं पिशवीच्या अस्तराचा ज्वारीएवढा तुकडा काढून तपासायला धाडला. अस्तर जाड झालेलं, पेशी बिघडायलेल्या, पर कॅन्सर न्हाई. म्हनल्या, येळेवर आनलंत. पिशवी काढली. तिसऱ्या महिन्यात सगुणा माझ्यासंगं खुरपायला! माझ्याहून दोन सऱ्या म्होरं! तवाबी मी जळलेच..."

शेंगा फुटायचा आवाज थांबला.

"खोटं," प्रियांका म्हणाली.

"पोरी, हिच्या भल्यासाठीच..."

"तू येस्टी अडवली न्हाईस, काकू. आईनं डोक्यावरून पाणी घ्यायची वाट तू आठ महिने बघितलीस. तुकडा काढला तवा कॅन्सर पोटभर पसरला होता. तिच्या डोक्यावरून शेवटी पाणी घातलंस ते तूच. तिरडीवर ठेवायच्या आधी."

 

प्रियांकानं सूप बाजूला सारलं आणि बारा दिवस कुणी न शिवलेला रुख्मिणीचा हात धरला.

"मावशी, उठा. अशाच चला."